आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी मेल पाठवून विचारलं, "मावशी, बऱ्या आहात ना?" मी ठणठणीत आहे. आमचे हे बाथरूममध्ये घसरले होते. नशिबाने हाड मोडलं नाही, मुका मार होता. पण त्या निमित्ताने सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकावर बसायचा बराच योग आला. बाकावर बसलं की माणसं दिसतात, आणि माणसं दिसली की माझ्यातली मास्तरीण जागी होते. आता तुमची सुटका नाही!

तर पहिल्याच दिवसाची गोष्ट. ह्यांना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. तिथला मुलगा पंचविशीचा असेल. हातात कागद, कागदावर ठळक अक्षरात नाव. तरी त्याने विचारलं, "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." हे चिडले. "कागदावर लिहिलंय ना! वाचता येत नाही का?" तो शांतपणे म्हणाला, "येतं आजोबा. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. आणि जन्मतारीख?" मग "कुठला पाय दुखतोय, हाताने दाखवा." मलासुद्धा जरा रागच आला. दुखणाऱ्या माणसाला काय हे प्रश्न!

पुढच्या रविवारी पुण्याहून माझी भाची ह्यांना बघायला आली. ती तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात रेडिओलॉजी विभागात आहे. पंधरा वर्षं स्वतः एक्स-रे, सीटी, एमआरआय केलं, आणि आता तीन वर्षं तिथल्या टेक्नॉलॉजिस्ट मंडळींची सुपरवायझर आहे. (नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. घरच्यांना कळेलच.) मी तिच्याकडे त्या मुलाची तक्रार केली, तर ती म्हणाली, "मावशी, त्या मुलाची पाठ थोपटायला हवी होतीस."

मी म्हटलं का गं? तर तिने मलाच विचारलं, "काकांना 'तुम्ही कुलकर्णी ना?' असं विचारलं असतं तर काय म्हणाले असते?"

आम्ही कुलकर्णी नाही. पण उत्तर मला माहीत होतं. हे "हो" म्हणाले असते. ह्यांना ऐकू कमी येतं आणि ते कबूल करायचं नसतं, त्यामुळे हे सगळ्यालाच हो म्हणतात. रिक्षावाल्याने "स्टेशनला का?" विचारलं तरी हो, आणि "बाजारात का?" विचारलं तरी हो!

म्हणून "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचंच नाही, "तुमचं नाव काय?" असं विचारायचं. एवढा साधा नियम. मंडळी, मी ३३ वर्षं हजेरी घेतली. हजेरीत नाव आपण उच्चारायचं आणि कुणीतरी "हजर" म्हणायचं, एवढंच असतं. तो "हजर" नक्की कुणाच्या घशातून आला ते देवालाच ठाऊक. त्यामुळे हे मला चटकन पटलं.

पण ती फक्त काकांना बघायला आली नव्हती. चेहराच सांगत होता. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून तिने सांगितलं ते असं.

तिच्या विभागात एका संध्याकाळी गर्दी होती. कंत्राटावर लागलेला एक नवा मुलगा एकटाच एक्स-रे करत होता. बाहेर येऊन त्याने हाक मारली, "पाटील आजोबा!" आपल्याकडे पाटील म्हटलं की बाकावरचे चार जण उठतात. एक आजोबा उठले. "छातीचा एक्स-रे ना?" त्यांनी मान डोलावली. एक्स-रे झाला, दुसऱ्याच पाटील आजोबांच्या नावावर चढला. उठलेल्या आजोबांचा खरं तर गुडघ्याचा फोटो काढायचा होता. दहा मिनिटांनी ते दुसरे पाटील दारात येऊन म्हणाले, "माझा नंबर कधी?" आणि मुलाच्या पोटात गोळा आला.

आता पुढचं महत्त्वाचं. त्या क्षणी हे फक्त त्यालाच माहीत होतं. दुसऱ्या आजोबांना आत घेऊन फोटो काढायचा, आधीचा पुसून टाकायचा, की झालं. कुणाला कळलं नसतं. पण तो थेट भाचीकडे गेला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून चुकलं." तिने लगेच रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना सांगून चित्र थांबवलं, रिपोर्ट जायच्या आत दुरुस्ती झाली. मग ती स्वतः त्या पहिल्या आजोबांकडे गेली आणि खरं काय ते सांगितलं. त्यांचा मुलगा खूप ओरडला. आजोबाच शेवटी म्हणाले, "अरे, मान मीच हलवली."

नुकसान म्हणाल तर एका म्हाताऱ्या माणसाला गरज नसताना छातीचा एक एक्स-रे झाला. छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार अंगात जातो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला जो नैसर्गिक किरणोत्सार मिळत असतो, त्याच्या जेमतेम पंधरवड्याएवढा. पण तेच सीटी स्कॅन असतं तर? पोटाच्या सीटीला त्याच्या कित्येक डझन पट लागतो. आणि शिरेतून औषध दिलं असतं आणि त्या माणसाची किडनी आधीच अधू असती तर? आणि चुकीच्या नावाचा रिपोर्ट पुढे गेला असता तर? म्हणजे प्रकरण थोडक्यात निभावलं, पण लहान नव्हतं.

व्यवस्थापनाने तिला सांगितलं, मुलाला कमी करा. कंत्राटी आहे, उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. तिने नाही म्हटलं. तसं लेखी दिलं. पत्रात लिहिलं की ह्याला काढलंत तर इथून पुढे माझ्याकडे येऊन कुणीही चूक सांगणार नाही, आणि न सांगितलेल्या चुकांची जबाबदारी मग मला घेता येणार नाही. आता तिचीच खुर्ची डळमळते आहे.

"तू काय केलं असतंस मावशी?" तिने विचारलं.

खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "काढून टाकलं असतं. पेशंटच्या जिवाशी खेळ नाही चालत." ती काही बोलली नाही. सकाळच्या गाडीने पुण्याला गेली.

त्यानंतर दोन रात्री मला झोप लागली नाही. कारण मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ह्यांनासुद्धा.

साल १९८६. माझ्या वर्गात एक चुणचुणीत मुलगा वर्गप्रमुख होता. एकदा त्याने मित्राच्या नावाला "हजर" म्हटलं. तास संपल्यावर त्याचं त्यालाच टोचलं असावं. तो टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, मघाशी मीच ओ दिली." मी काय केलं असेल? सगळ्या वर्गासमोर त्याला छड्या मारल्या. तेव्हा वाटलं, वर्गाला शिस्त लावली.

त्याच वर्षी आमची सहल पन्हाळ्याला गेली. परतताना गाडीत मुलं मोजायचं काम त्याच्याकडे होतं. मी विचारलं, "बेचाळीस?" तो म्हणाला, "हो बाई." गाडी सुटली. पाऊण तासाने कोल्हापुरात शिरताना एक मुलगी रडायला लागली की तिचा भाऊ गाडीत नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली. गाडी फिरवली, परत गड चढलो. तो लहानगा तीन दरवाजाजवळ काकड्या विकणाऱ्या एका बाईशेजारी बसला होता. तिने त्याला हलू दिलं नव्हतं. त्या माउलीचे पाय धरावेसे वाटले.

वर्गप्रमुखाला मी विचारलं, "मोजलं नव्हतंस का?" तो खाली मान घालून म्हणाला, "मोजलं होतं बाई. गाडी सुटल्यावर परत मोजलं तेव्हा एक्केचाळीस झाले. पण तुम्ही मारलं असतं."

मंडळी, ती छडी मी त्याच्या हातावर मारली नव्हती. त्या लहानग्याला गडावर ठेवून येण्याची तयारी मीच आधी करून ठेवली होती. हे मला कळायला जवळजवळ चाळीस वर्षं आणि भाचीचा एक प्रश्न लागला.

मग मी तिला फोन केला, माफी मागितली आणि म्हटलं, मला तुझं काम नीट समजावून सांग. पुढचे चार रविवार आम्ही फोनवर बोललो. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडते.

हे एक्स-रेचं काम कसं बदललंय बघा. पूर्वी फिल्म असायची. डार्करूममध्ये धुवायची. किरण जास्त पडले तर फिल्म काळी, कमी पडले तर पांढुरकी. चूक लपतच नव्हती. खराब फिल्म टोपलीत पडायची, आणि सुपरवायझरला टोपली बघून कळायचं की आज काय बिनसलंय. आता डिजिटल आलं. नको असलेलं चित्र एका बटणावर नाहीसं. म्हणजे पेशंटच्या अंगातून किरण दोनदा गेले, पण पडद्यावर चित्र एकच. यंत्राच्या पोटात त्याची नोंद राहते, पण ती कुणी उघडून बघेल तेव्हा ना!

आणखी एक गंमत. डिजिटलमध्ये किरण कमी पडले तर चित्र रवाळ दिसतं आणि डॉक्टर ओरडतात. जास्त पडले तर चित्र उलट छान, स्वच्छ दिसतं. मग टेक्नॉलॉजिस्ट काय करणार? हळूहळू थोडं थोडं वाढवत जाणार. ओरडा बसत नाही, कौतुक होतं. भुर्दंड पेशंटच्या शरीराला, आणि त्याला तो दिसतही नाही. प्रत्येक चित्राबरोबर पडद्यावर एक आकडा येतो, एक्स्पोजर इंडेक्स म्हणतात त्याला. तो महिन्यामहिन्याने कुणीतरी शांतपणे बसून तपासायला हवा. सुंदर अक्षरात लिहिलेला निबंध बघून मी कितीदा मजकूर न वाचताच गुण दिले असतील, ते आठवून मला हे बरोबर समजलं.

भाची दर महिन्याला परत काढाव्या लागलेल्या फोटोंची यादी करते. त्यात नावं लिहीत नाही, कारणं लिहिते. पेशंट हलला, खांदा आडवा आला, गळ्यातली साखळी काढायची राहिली, बाजू दाखवणारं अक्षर लावलं नाही. मग सगळ्यांना बसवून वाचून दाखवते, आणि पहिली चूक स्वतःची सांगते. पहिले दोन महिने यादी अगदी छोटी होती. नंतर वाढली. वरचे साहेब म्हणाले, तुमच्या हाताखाली काम बिघडलंय. ती म्हणाली, नाही साहेब, आता लोक सांगायला लागलेत.

हे ऐकून मला माझ्या वर्गातल्या कोऱ्या वह्या आठवल्या. लाल शाईच्या भीतीने जो मुलगा लिहीतच नाही, त्याची वही सगळ्यात स्वच्छ!

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्यांना माफीच का? नाही. इथे मी अजूनही जुनीच बाई आहे. भाचीचाही हिशोब स्पष्ट आहे. चूक वेगळी, चालढकल वेगळी आणि लपवाछपवी वेगळी. चुकीला शिकवायचं, चालढकलीला समज द्यायची, लपवाछपवीला घरी पाठवायचं.

चालढकलीचं उदाहरण सांगते. ह्या लोकांना छातीवर एक बिल्ला लावावा लागतो, टीएलडी बॅज. शिशाच्या एप्रनच्या आत. तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरण आले ते कळतं. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने (हे मंडळ १९८३ साली झालं) मर्यादा घालून दिली आहे, पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. पण कित्येक जण बिल्ला ड्रॉवरमध्ये ठेवतात. मग आकडा शून्य आणि सगळे खूश! बिल्ला काही किरण अडवत नाही, तो फक्त मोजतो. हजेरीपट जसा कुणाला शिकवत नाही. पण हजेरीपटच खोटा असेल तर शाळा चालली आहे की नाही हे कळणार कसं? बिल्ला न लावणाऱ्याला भाची खोलीत पाय ठेवू देत नाही. तिथे गोड बोलणं नाही.

आणि हे उगाच नाही. विल्हेल्म रोंटजेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले आणि लगोलग जगभर फोटो काढायची धूम उठली. एडिसनचा एक मदतनीस होता, क्लॅरेन्स डॅली. सतत स्वतःच्या हातावर प्रयोग. शेवटी दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. एडिसनने त्यानंतर हे कामच सोडलं. किरणांपायी जीव गेलेल्या अशा लोकांचं एक स्मारक १९३६ साली जर्मनीत हॅम्बुर्गला उभारलं गेलं. म्हणजे आज जे नियम आपल्याला कटकटीचे वाटतात, ते कुणाच्या तरी बोटांनी लिहिलेले आहेत.

एमआरआयमध्ये किरण नाहीत, पण तिथलं लोहचुंबक कायम चालू असतं. पेशंट आत असो नसो, रात्र असो की सुट्टी. हे पुष्कळांना माहीत नसतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं बातम्यांत आलं होतं. म्हणून सुपरवायझरने नुसत्या टेक्नॉलॉजिस्टना शिकवून भागत नाही. वॉर्डबॉय, मावश्या, पहारेकरी, सगळ्यांना शिकवावं लागतं. आणि दारात उभ्या असलेल्या पोराला एवढं बळ द्यावं लागतं की समोर मोठे डॉक्टर घाईत असले तरी "थांबा" म्हणता आलं पाहिजे. जो पोरगा स्वतःच्या चुकीबद्दल बोलायला घाबरतो, तो डॉक्टरांना थांबा म्हणेल का? तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत असं. सुपरवायझरचं पहिलं काम म्हणजे "माझ्याकडून चुकलं" हे वाक्य सर्वात आधी आपल्या कानावर येईल अशी व्यवस्था करणं. बाकी ड्यूटी लावणं, सुट्ट्या देणं, यंत्रं दुरुस्त करून घेणं हे सगळं त्यानंतर. आणि हे वाक्य बोलणाऱ्याला पहिल्या खेपेला शिक्षा झाली, तर ते वाक्य त्या विभागात पुन्हा ऐकू येत नाही. चुका मात्र होतच राहतात.

दुसरं मत रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी. उत्तम काम करणाऱ्याला तुम्ही सुपरवायझर करता आणि त्याचं जुनं कामही त्याच्याच डोक्यावर ठेवता. भाची अजून रोज निम्मा दिवस सीटीवर असते, उरलेल्या वेळात देखरेख. आमच्या मुख्याध्यापकांचंही असंच होतं. तास घ्या, खिचडीचा हिशोब ठेवा आणि वेळ मिळाला तर शाळा चालवा! त्या संध्याकाळी गर्दीत तो नवा मुलगा एकटा का होता? रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस मागितला होता, मिळाला नव्हता. चूक त्याची होतीच, पण त्या चुकीला अर्धी जागा वरच्या मजल्यावरून मिळाली होती.

तिसरं, ह्या लोकांना आपण "तो एक्स-रेवाला" म्हणतो. २०२१ साली संसदेने ह्या आणि अशा इतर आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला, राष्ट्रीय आयोग नेमायची त्यात तरतूद आहे. कागदावर मान मिळायला सुरुवात झाली. पण बाकावर बसलेल्या तुम्ही-आम्ही जेव्हा "कागदावर लिहिलंय ना, वाचता येत नाही का?" म्हणून खेकसतो, तेव्हा त्या मुलाला पुढच्या वेळी न विचारण्याचंच शिकवतो. ह्या बाबतीत गुन्हेगारांत आमचे हे पहिले, आणि मी दुसरी. (ह. घ्या. पण थोडं मनावरही घ्या.)

शेवट काय झाला म्हणाल, तर अजून काही झालेला नाही. तिच्या पत्राला उत्तर आलेलं नाही. मुलगा सध्या कामावर आहे, कधीपर्यंत ते माहीत नाही. तीही आहे. काल फोनवर म्हणाली, "मावशी, काढलं तर काढलं. पण तो माझ्या दारात उभा राहून चुकलं म्हणाला, त्याला मी परत कसं पाठवू?"

मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडी असूयाही. १९८६ मध्ये माझ्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या त्या मुलाला मी परत पाठवलं होतं. आज तो पन्नाशीचा असेल. कुठे आहे ठाऊक नाही. चुकून हे वाचलंच, तर बाळा, बाईंचं चुकलं.

परवा ह्यांना परत एकदा फोटोसाठी नेलं. तोच मुलगा होता. त्याने तोंड उघडायच्या आत ह्यांनी खणखणीत आवाजात पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि जन्मतारीख सांगून टाकली. आणि विचारलं नसताना डावा पायही वर करून दाखवला.

दुखतो उजवा. मुलगा हसला, म्हणाला, "आजोबा, म्हणूनच विचारतो."

असो. खूप लांबलं. तुमच्यापैकी कुणी अशा कामात असाल, कुणाच्या हाताखाली असाल किंवा कुणी तुमच्या हाताखाली असेल, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. आणि माझं काही चुकत असेल तर तेही बिनधास्त सांगा. छडी आता घरात नाही.